वावडे असलेल्या बालकाचा खाऊ : पाकीट निवडताना

‘वावडे’ हा आपल्या भाषेतील एक उपयुक्त पण सैल शब्द आहे. कोणाला वांगे वावडे असते, कोणाला अंडे, कोणाला ताक. तोच सैलपणा हल्ली ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दालाही आला आहे. चिकित्सालयात येणारी माता ‘बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगते, तेव्हा तिला नेमके काय म्हणावयाचे आहे हे विचारल्यावाचून कळत नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगून पातळ जुलाब होत असतील तर तो बहुधा दुग्धशर्करा न पचण्याचा प्रकार असतो. त्यात त्रास होतो, पण जिवास धोका नसतो. गव्हाने बालकाची वाढ खुंटत असेल, पोट मोठे व हातपाय काटक्यांसारखे होत असतील, तर सीलिअ‍ॅक या विकाराचा विचार करावा लागतो. आणि घास खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, वांती, खोकला, धाप अशी लक्षणे दिसत असतील, तर ती खरी अ‍ॅलर्जी होय. या तिन्ही बालकांचा खाऊ सारख्याच नियमांनी निवडता येत नाही. पहिल्यास थोडे दही चालू शकते, दुसऱ्यास गव्हाबरोबर जवही वर्ज्य असतात, आणि तिसऱ्यास चमच्याला लागलेला अंशही भोवू शकतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हा तिसरा बालक आहे. त्याच्या घरी पैशाची ओढ असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. मोठ्या शहरांतील दुकानांत ‘ग्लूटेनमुक्त’, ‘दूधविरहित’ अशी विशेष पाकिटे मिळतात, परंतु त्यांची किंमत साध्या बिस्किटांच्या कित्येक पट असते. शिवणकाम करणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी माता ती घेऊ शकत नाही. शाळेच्या डब्यात, प्रवासात, शेजारच्या वाढदिवसाला बालकाच्या हाती काय द्यावे, हा तिचा रोजचा प्रश्न असतो. तो ती विशेषज्ञापेक्षा आपल्याला आणि गल्लीतील औषधालयाच्या मालकालाच अधिक वेळा विचारते.

प्रथम आपल्या शास्त्राच्या अंगाने थोडे. असात्म्य ही संकल्पना येथे लागू पडते आणि शीतपित्त, उदर्द, कोठ यांची लक्षणे या रुग्णांत ओळखता येतात. परंतु एका बाबतीत आम्हांस वैद्यबांधवांना सावध करावेसे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा व हितकर गोष्ट क्रमाने अंगवळणी पाडण्याचा जो पादांशिक क्रम सांगितला आहे, त्याच्या आधारे काही जण बालकाला शेंगदाण्याचा वा दुधाचा कणभर अंश रोज चाटवून ते सात्म्य करून घेण्याचा सल्ला देतात. तो क्रम अभ्यासाने जडलेल्या अपथ्याविषयी आहे. घशाला सूज आणणाऱ्या द्रव्याविषयी तो लावणे हे शास्त्राचे पालन नव्हे. अल्प मात्रेपासून वाढवत नेण्याची पद्धत आधुनिक वैद्यकातही आहे, पण ती सुसज्ज रुग्णालयात, मात्रा मोजून व रुग्णावर देखरेख ठेवून केली जाते. घरी चमच्याने चाटवून ती करता येत नाही.

याउलट चरकाने विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी ‘करण’, म्हणजे संस्कार, याचा विचार येथे मोठ्या उपयोगाचा आहे. दुधाची वा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या पुष्कळ बालकांना तेच द्रव्य केकसारख्या पदार्थात दीर्घकाळ भाजलेले सोसते, कारण उष्णतेने त्यातील प्रथिनांची घडण बदलते. शेंगदाण्याचे मात्र उलट आहे. कोरडा भाजल्याने त्याचा उपद्रव वाढतो, असे आढळले आहे. संस्काराने गुणांतर होते हे आपण मानतोच. पण ते कोणत्या बालकात कोणत्या दिशेने होईल याची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात करू नये.

निदानाबाबत आणखी एक गोष्ट. रक्ताच्या एकाच नमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्या सध्या जोरात विकल्या जातात. त्यांवरून अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे निदान होत नाही. या प्रतिपिंडांवरून बालकाने तो पदार्थ पूर्वी खाल्ला आहे एवढेच बहुधा कळते. अशा यादीच्या आधारे गहू, दूध, डाळी, केळे सारेच बंद केल्याने वजन घटलेली बालके आम्ही पाहिली आहेत. काय वर्ज्य करावयाचे हे नेमके ठरल्याशिवाय खाऊची निवड सुरूच होऊ शकत नाही. जितके कमी वर्ज्य, तितका खाऊ स्वस्त, हाही त्यातील व्यवहार आहे.

आता पाकिटाकडे वळू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार अ‍ॅलर्जी आणणाऱ्या ठराविक द्रव्यांचा उल्लेख पाकिटावर ‘कन्टेन्स’ या शब्दाखाली स्वतंत्रपणे करावा लागतो. त्या यादीत ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट यांचा समावेश आहे. कारखान्यात अनवधानाने मिसळ होण्याचा संभव असेल तर ‘मे कन्टेन’ या शब्दांनी तसे सुचविलेले असते. हे वाक्य घटकांच्या यादीखाली बारीक टायपात, बहुधा ठळक अक्षरांत असते. मातेला ती जागा बोटाने दाखवून द्यावी. अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते, आणि प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा इंग्रजीतच असतो. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या मातेच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. म्हणून बालकाला वर्ज्य असलेल्या द्रव्याची इंग्रजी नावे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीत. ती अक्षरे ओळखून पाकिटाशी ताडून पाहणे तिला जमते, हा आमचा अनुभव आहे.

त्या कागदावर काय लिहावे? दूध असेल तर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘केसिनेट’, ‘बटर’, ‘चीज पावडर’. अंड्यासाठी ‘एग’ व ‘अल्ब्युमेन’. गव्हासाठी ‘व्हीट’, ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, ‘सेमोलिना’, ‘ग्लूटेन’. ‘माल्ट’ हे बहुधा जवाचे असते, म्हणून सीलिअ‍ॅक रुग्णाच्या कागदावर तेही हवे. शेंगदाण्याला ‘पीनट’ आणि ‘ग्राउंडनट’ अशी दोन नावे आहेत, हे अनेक सुशिक्षितांच्याही लक्षात येत नाही. सोयाबीनच्या संदर्भात ‘लेसिथिन’ किंवा नुसता ३२२ हा क्रमांक दिसतो. सल्फाइटचे क्रमांक २२० ते २२८ या पट्ट्यात असतात, आणि बिस्किटांत २२३ वारंवार आढळतो.

हिरव्या खुणेबद्दल मोठा गैरसमज आहे. ती खूण शाकाहाराची आहे, निर्धोकपणाची नव्हे. आपल्याकडे दूध शाकाहारात मोडते, त्यामुळे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बालकाला त्या खुणेचा काहीच उपयोग नाही. अंड्याच्या बाबतीत मात्र ती कामाची आहे. कायद्याने अंडे मांसाहारात धरले जाते, म्हणून हिरवी खूण असलेल्या बिस्किटात अंडे हा घटक नसतो. त्याच भट्टीत अंड्याचा माल भाजला जात असेल, तर ‘मे कन्टेन’ हे वाक्य तरीही पाहावे लागते. २०२२ च्या विनियमांनी आलेली ‘व्हीगन’ खूण असेल तर दूध, तूप व मधही घटक म्हणून वगळलेले असतात. पण ती बहुधा महाग मालावरच दिसते, आणि मिसळीची शंका तिनेही पूर्ण मिटत नाही.

या नियमांत काही फटी आहेत, आणि गरीब घरातील बालकाला त्याच अधिक भोवतात. पहिली फट लहान पाकिटांची. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरहून अधिक नाही, त्यावर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती माहिती मोठ्या, अनेक पुड्यांच्या वेष्टनावर दिलेली असते. म्हणजे रुपया-दोन रुपयांची गोळी, चॉकलेटचा तुकडा किंवा छोटी पुडी सुटी विकत घेणाऱ्याच्या हाती घटकांचा पत्ताच येत नाही. तो दुकानदाराने फाडून टाकलेल्या खोक्यावर असतो. येथे औषधालयाच्या मालकांनी मनावर घेण्यासारखी एक गोष्ट आहे. सुट्या विक्रीचा माल संपेपर्यंत त्याचे खोके किंवा निदान घटकांची बाजू कापून जवळ ठेवावी. त्यास खर्च काहीच नाही.

दुसरी फट तेलाची. अ‍ॅलर्जीकारक द्रव्यांपासून काढलेल्या तेलासाठी ‘कन्टेन्स’ हे वाक्य बंधनकारक नाही. उत्तम रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे ही सूट अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु लाकडी घाण्याच्या तेलाचे माहात्म्य हल्ली पुन्हा वाढले आहे. आपल्यापैकी अनेक जण तेच सुचवितात, आणि इतरांसाठी त्यात वावगे नाही. मात्र घाण्याच्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बालकासाठी ‘घाण्याच्या तेलातील फरसाण’ ही गुणवत्तेची जाहिरात नसून धोक्याची सूचना आहे.

तिसरी फट तिळाची. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तीळ प्रमुख अ‍ॅलर्जीकारक द्रव्यांत गणला गेला आणि १ जानेवारी २०२३ पासून तसा उल्लेख तेथे आवश्यक झाला. आपल्या वरील यादीत तीळ नाही. हरभऱ्याचे पीठही नाही, जरी हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आपल्या देशात दिसते. तिळाचे वावडे असलेल्या बालकासाठी ‘कन्टेन्स’ हे वाक्य पुरेसे नाही, पूर्ण घटकयादीच वाचावी लागते. बाकरवडी, चकली, खारी बिस्किटे यांत तीळ सर्रास असतो, आणि संक्रांतीच्या दिवसांत तर तो हातोहात फिरतो.

मिसळीविषयी आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. सहा वर्षांच्या एका मुलास शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. मातेने चिक्की, चिवडा, कूट सारे घरातून हद्दपार केले होते. मुलगा गोडासाठी हट्ट करू लागला तेव्हा तिने किराणा दुकानाच्या बरणीतून राजगिऱ्याचा लाडू आणला. राजगिरा आणि गूळ, यात शेंगदाणा कोठून येणार? अर्ध्या लाडवातच मुलाचे डोळे सुजले आणि श्वास घुसमटू लागला. रुग्णालय जवळ असल्याने तो वाचला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की एकाच कढईत, एकाच पाटावर होत असत. मातेची पदार्थाची निवड चुकली नव्हती. बरणीला लेबल नसते, एवढेच. तीव्र अ‍ॅलर्जीच्या बालकासाठी आम्ही सुटा खाऊ पूर्णतः वर्ज्य सांगतो आणि बंद पाकिटाची शिफारस करतो ती यासाठीच. एरवी ताज्या घरगुती अन्नाचा पुरस्कार करणाऱ्या आम्हा वैद्यांना हे काहीसे विचित्र वाटते खरे.

मग स्वस्तात काय द्यावे? ‘विशेष’ मालाच्या मागे न लागता कमीत कमी घटकांचा साधा माल शोधावा. तीनच घटक असलेले पाकीट वाचावयास सोपे आणि फसावयास कठीण. बंद पाकिटातील चुरमुरे, ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, हरभरा चालत असेल तर फुटाणे, बिया काढलेला खजूर, साधे खारे बटाट्याचे वेफर्स, केळ्याचे वेफर्स ही आमची नेहमीची यादी आहे. यांपैकी तळलेले रोज देऊ नये, हे वाचकांस सांगावयास नको. मसालेदार वेफर्स मात्र टाळावेत. बटाट्याच्या त्या चकतीवरील ‘चीज’, ‘क्रीम’ वा ‘मसाला’ भुकटीत दुधाची भुकटी, सोयाबीनचे प्रथिन आणि कधी गव्हाचे पीठही असते. एकाच कंपनीचा खारा प्रकार चालला म्हणून दुसरा स्वाद चालेल असे नाही. त्याच प्रकाराचे लहान पाकीट निराळ्या कारखान्यातून येऊ शकते. लेबल दर खरेदीला वाचावयाचे ते याकरिता.

गव्हाचे वावडे असलेल्यांना महाराष्ट्रात एक सोय आहे, ती उपवासाच्या पदार्थांची. साबुदाणा, वरई, शिंगाडा, राजगिरा यांच्या तयार पदार्थांत गहू घालण्याचा प्रश्नच येत नाही, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. परंतु उपवासाच्या चिवड्यात शेंगदाणे हमखास असतात. म्हणून एका बालकाचे पथ्य ते दुसऱ्याचे विष. कुरडई तांदळासारखी पांढरी दिसली तरी ती बहुधा गव्हाच्या चिकाची असते. नाचणीची बिस्किटे घेताना घटकांचा क्रम पाहावा. वजनाने जो घटक अधिक तो आधी लिहिलेला असतो, आणि नाचणीचा ठळक उल्लेख करावयाचा तर तिची टक्केवारीही द्यावी लागते. पुष्कळ पाकिटांत पहिले नाव मैद्याचे निघते. सीलिअ‍ॅक रुग्णासाठी ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच तो वापरता येतो. त्या एका रुग्णासाठी थोडा अधिक खर्च योग्य ठरतो, पण तोही पिठावर करावा, बिस्किटांवर नव्हे.

किमतीची तुलना करताना पाकिटाचा आकार फसवा असतो, कारण त्यात हवाच अधिक भरलेली असते. बहुतेक पाकिटांवर कमाल किमतीजवळ दर ग्रॅमची किंमतही आता छापलेली असते. ती पाहिली की पाव किलो चुरमुऱ्यांचे पाकीट पाच रुपयांच्या फुगीर पुड्यांपेक्षा किती स्वस्त पडते हे मातेला लगेच उमगते. मोठे पाकीट घेण्याचा दुसरा लाभ असा की त्यावर घटकांची पूर्ण यादी असते. घरी स्वच्छ, कोरड्या, त्याच एका कामासाठी राखलेल्या डब्यात ते ठेवावे व मूळ वेष्टन डब्याला बांधून ठेवावे.

बेदाणे हा बालकांचा आवडता आणि सोयीचा खाऊ. सोनेरी रंगाच्या बेदाण्यांना पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेली असते. दमा असलेल्या काही बालकांना सल्फाइटने धाप लागते. त्यांच्यासाठी काळ्या मनुका, त्याही लेबल पाहून, बऱ्या.

दुधाबाबत आपल्या वर्तुळात एक समज पक्का आहे की देशी गाईचे किंवा शेळीचे दूध चालते. पचनाच्या तक्रारीत काहींना त्याने बरे वाटत असेल. खऱ्या अ‍ॅलर्जीत गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या बहुतांश बालकांना शेळीचे दूधही बाधते. ‘ए-टू’ असे लिहिलेले तूप, पेढे वा भुकटी यांना हाच नियम लागू. तुपात प्रथिन अत्यल्प असते, पण शून्य नसते.

यावरून आपल्या स्वतःच्या औषधांकडे पाहणे ओघानेच येते. खाऊच्या पाकिटाला जी कसोटी, ती औषधाच्या बाटलीला का नसावी? बांधानी हिंगात गव्हाचे वा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. हिंग्वाष्टक चूर्णात कोणता हिंग वापरला आहे हे निर्मात्यास विचारल्याशिवाय सीलिअ‍ॅक रुग्णाला ते देऊ नये. फरसाणातील हिंगाचीही हीच गोष्ट. च्यवनप्राशात तूप व तिळाचे तेल असते. घृतकल्प, क्षीरपाक, दुधातून देण्याचे शतावरी कल्प, बदाम घातलेले पाक, हे सारे आपण बालकांना बलवर्धनासाठी सहज लिहून देतो. तीव्र अ‍ॅलर्जीच्या रुग्णपत्रिकेवर वर्ज्य द्रव्याचे नाव लाल शाईने लिहून ठेवावे, म्हणजे औषध देणाऱ्या सहायकाच्याही ते ध्यानी येईल. चूर्णाच्या पुड्या बांधताना तोच चमचा बदामाच्या भुकटीतून दुसऱ्या बरणीत जाऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण अनेक औषधालयांतील फडताळे पाहता ती आहे असे आम्हांस वाटते.

दूध व अंडे यांची अ‍ॅलर्जी पुष्कळ बालकांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. शेंगदाण्याची मात्र फार थोड्यांत ओसरते. म्हणून वर्षाकाठी एकदा विशेषज्ञाकडून पुनःपरीक्षण करवून घ्यावे. अनावश्यक झालेले पथ्य आयुष्यभर वाहण्यात अर्थ नाही.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग येऊ शकतो. गांधींबरोबर आवाज बसणे, घरघर, वारंवार वांती, गळून पडणे यांपैकी काही दिसताच काढे, लेप किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या यांत वेळ दवडू नये. यावर प्राणरक्षक औषध अ‍ॅड्रेनालिन हेच आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, दर किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम या मात्रेने दिले जाते. ते कोणी, कोठे द्यावयाचे याची लेखी योजना बालरोगतज्ज्ञाकडून आधीच करवून घ्यावी व तिची एक प्रत शाळेत द्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बालकास आडवे निजवून पाय किंचित उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे, उभे करून चालवू नये. लक्षणे ओसरल्यावरही काही तास रुग्णालयात ठेवावे, कारण ती दुसऱ्यांदा उसळू शकतात. आणि खाल्लेल्या खाऊचे रिकामे पाकीट फेकू न देता बरोबर न्यावे. त्यावरील बॅच क्रमांक व चौदा आकडी परवाना क्रमांक यांवरून माल कोठे तयार झाला याचा माग लागतो, आणि लेबल चुकीचे निघाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यास तोच आधार ठरतो.